पुणं खाली, गाडी गुजरातेत

परवा आईला घेऊन पुण्याला गेले. इंदूर-दौंड गाडी. रात्री तिला जाग आली आणि खिडकीबाहेर पाटी दिसली, वडोदरा. झटकन उठून बसली. "अगं, आपण भलत्याच गाडीत तर नाही ना बसलो?"

आईचं वय 78, माहेर धुळ्याचं. तिच्या डोक्यातला नकाशा पक्का आहे. इंदूरहून आग्रा रोडनं खाली उतरायचं, सेंधवा, बिजासन घाट, शिरपूर, की आलं धुळं. पुणं त्याच्याही खाली. मग मध्यरात्री गुजरात कुठून आला? समोरच्या बर्थवरचे भैया डोळे न उघडताच म्हणाले, "माताजी सो जाओ, ये ऐसे ही जाती है."

ऐसे ही जाती है. उज्जैन, रतलाम, वडोदरा, सुरत, वसई, कल्याण, मग घाट चढून पुणं. आई झोपली, मी मात्र जागीच.

आपल्याकडे गाड्या अशा का फिरतात, याचं उत्तर थेट होळकरांच्या काळात जाऊन मिळतं. दुसऱ्या तुकोजीरावांनी 1870 मध्ये इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, आणि त्यातून खंडवा-इंदूर लाईन झाली. राजानं सरकारला कर्ज द्यायचं आणि वर रेल्वेही आपल्याच दारात आणायची, हा व्यवहार मला अजून भारी वाटतो. पण ही लाईन मीटरगेज, म्हणजे अरुंद रुळांची, आणि खंडव्याहून जाणारी जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) कंपनीची लाईन ब्रॉडगेज, रुंद रुळांची. म्हणजे खंडव्याला बोचकी उचला आणि गाडी बदला. पुढे होळकरांची लाईन राजपुताना-माळवा रेल्वेत गेली आणि तिथून बीबी अँड सीआय (बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया) कंपनीकडे. 5 नोव्हेंबर 1951 ला रेल्वेचे नवे विभाग, म्हणजे झोन, केले तेव्हा जीआयपीची झाली मध्य रेल्वे आणि बीबी अँड सीआयची पश्चिम रेल्वे. कंपन्या गेल्या, कुंपण राहिलं.

ते आजही आहे. आमचं इंदूर पश्चिम रेल्वेत, रतलाम मंडळात, मुख्यालय मुंबईला चर्चगेट. खंडवा मध्य रेल्वेत, भुसावळ मंडळात, मुख्यालय मुंबईलाच, सीएसएमटी. भोपाळचं मुख्यालय जबलपूर, ग्वाल्हेरचं प्रयागराज. एकाच राज्यातली गावं, पण रेल्वेच्या लेखी चुलत घराणी. त्यातही गंमत म्हणजे चर्चगेट आणि सीएसएमटी चालत जाता येईल एवढ्या अंतरावर आहेत, पण आमच्यापुरतं ते अंतर दीडशे वर्षांत कुणी चाललेलं दिसत नाही.

प्रवाशाला गाडी एक दिसते. रेल्वेच्या हिशेबात मात्र रेक, म्हणजे डब्यांचा संच, ज्या झोनचा, गाडी त्या झोनची. वसई सोडली की आमची गाडी मध्य रेल्वेच्या रुळांवर पाहुणी. नंतर कल्याणच्या लोकलच्या गर्दीतून तिनं वाट काढायची. आता घरात आपलं लेकरू आणि पाहुण्याचं लेकरू दोघं जेवायला बसली, तर पहिली पोळी कुणाच्या ताटात पडते? माझा संशय आहे, पुरावा नाही.

भाडं कुठला झोन ठरवत नाही, ते दिल्लीत ठरतं. तिकिटावर छापलेलं वाचलं असेल, प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी 57 टक्केच रेल्वे वसूल करते. बाकीचं ओझं मुख्यतः मालगाड्या उचलतात. 2017 पासून रेल्वेचं वेगळं बजेटही गेलं. पूर्वी त्या दिवशी बाबा रेडिओला कान लावून बसायचे, नव्या गाड्यांच्या यादीत 'इंदौर' ऐकू येतंय का म्हणून. आलं नाही की संध्याकाळचा चहा कडू.

लंडनला असलेला भाचा म्हणतो, मावशी, यावर एकच औषध, खासगी करून टाका. बाळा, तुझ्या ब्रिटनमध्येच 1990 च्या दशकात रूळ एकाचे आणि गाड्या दुसऱ्याच्या करून पाहिलं ना? 2025 पासून त्याच कंपन्या एकेक करून सरकार परत घेतंय. आमच्याकडे निदान मालक एक आहे. मला कंपनी नको. मला एवढंच हवं, की इंदूरहून पुण्यापर्यंतच्या गाडीला सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक जबाबदार माणूस असावा. उशीर झाला तर शेजारच्या झोनकडे बोट न दाखवणारा.

हे आत्ताच बोलायला हवं, कारण इंदूरहून थेट मनमाडची नवी लाईन येतेय. 2 सप्टेंबर 2024 ला केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजूर केली, 309 किलोमीटर, 18,036 कोटी, 30 नवी स्टेशनं. मी शाळेत असल्यापासून या लाईनच्या गप्पा ऐकतेय. पण मनमाड मध्य रेल्वेचं आणि इकडच्या टोकाचं, इंदूरजवळचं महू पश्चिमेचं. मध्ये कुठेतरी पुन्हा एक हद्द आखली, तर खंडव्याची गोष्ट नव्यानं सुरू. आमच्या लहानपणी अकोल्याच्या आत्याकडे मीटरगेजनं जायचो, कालाकुंडला पळसाच्या पानात कलाकंद मिळायचा. आज तो मार्ग तुटलाय, घाटातल्या तुकड्यावर पिकनिकवाल्यांची हेरिटेज गाडी तेवढी. लाईन असणं आणि तिच्यावरून गावाला जाता येणं यात फरक असतो हे इंदूरकरांना कुणी शिकवायला नको.

कर्जतला आईनं थर्मासमधला चहा ओतला आणि विचारलं, "मनमाडची गाडी धुळ्याला थांबेल ना गं?" म्हटलं, थांबेल. पुढच्या महिन्यात तिच्या भाच्याकडे धुळ्याला वास्तुशांत आहे. काल बसची चौकशी करून आले.