स्टार्ट वाचता येत नव्हतं तेव्हापासून

मला 'स्टार्ट' हा शब्द वाचता यायच्या आधी दाबता येत होता. मी सांगलीच्या मराठी शाळेत होतो, इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं, आणि घरात व्हिडिओ गेम आला तेव्हा मी तिसरीत होतो. मामानं मुंबईहून आणला होता. जपानच्या निंटेंडो कंपनीच्या फॅमिकॉम या गेमच्या यंत्राची नक्कल असलेला पांढरा-लाल डबा, दोन रिमोट, एक बंदूक आणि पिवळी कॅसेट. कॅसेटवर '९९९९ इन १' छापलेलं, आत गेम जेमतेम पंधरा-वीस, तेच पुन्हा पुन्हा वेगळ्या नावानं. अडॅप्टर इतका तापायचा की आजी त्यावर हात ठेवून बघायची आणि "आता पुरे" म्हणायची. तो हात हाच आमचा टायमर.

हे सांगायचं कारण म्हणजे आवडत्या गेम्सची यादी काढायला बसलो की माझं माप त्या तिसरीतल्या मुलाचंच असतं. ज्याला पडद्यावरचं एक अक्षरही कळत नाही, त्याच्या हाती रिमोट दिला तर तो गेम त्याला शब्दांविना गेमशी बोलायला शिकवतो का? जो शिकवतो तो माझ्या लेखी थोर. पुढे प्ले स्टेशन आलं, निंटेंडोची हातातली यंत्रं आली, इंग्रजी वाचता यायला लागलं, पण माप बदललं नाही.

मारिओचा अगदी पहिला पडदा आठवा. मारिओ डाव्या कडेला उभा, तोंड उजवीकडे, उजवीकडे सगळं मोकळं. म्हणजे जायचं कुठे हे कुणी सांगावं लागत नाही. दोन पावलं गेलात की समोरून एक कपाळाला आठ्या घातलेलं बुटकं प्रकरण चालत येतं. धडकलात की मेलात, पण गेले फक्त चार सेकंद, म्हणून लगेच परत निघता आणि या वेळी उडी मारता. वर प्रश्नचिन्हाचा चौकोन आहे, डोकं आपटलं की नाणं. पुढच्या चौकोनातून मात्र मशरूम निघतं, उजवीकडे घरंगळत जातं, खाली पडतं, हिरव्या पाइपला आपटतं आणि उलटं फिरून थेट तुमच्याच अंगावर येतं! आपण घाबरतो, उडी मारायला जातो तर डोक्यावर विटा. मशरूम लागतं, आणि मारिओ मोठा होतो. त्या पाइपची जागा, त्या विटांची उंची, सगळं ठरवून केलेलं आहे. मारिओ बनवणाऱ्या शिगेरू मियामोतो यांनी स्वतः हे उलगडून सांगितलंय. १३ सप्टेंबर १९८५ ला जपानमध्ये आलेला हा गेम, सगळा मिळून ४० किलोबाइटचा. रोज सकाळी आपल्याला येणारा सुप्रभातचा फोटोसुद्धा यापेक्षा मोठा असतो. जागा वाचवायला त्यांनी ढग आणि झुडूप एकाच आकाराचं ठेवलं, फक्त रंग बदलला. हे मला तिशीत कळलं, आणि त्या रात्री मी परत गेम लावून नुसते ढग बघत बसलो होतो. एवढ्याशा जागेत माणसं काय काय मांडून ठेवतात!

दुसरा रिमोट ताईचा. ती माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, पाचवीत असल्यामुळे 'प्लेअर टू' वाचू शकणारी घरातली एकमेव मेंबर. आमचा गेम म्हणजे काँट्रा, दोघांनी मिळून गोळ्या झाडत पुढे जायचा. जंगल संपलं की तिसऱ्या टप्प्यात धबधबा लागतो, आणि इथे पडदा आडवा न सरकता वर सरकतो. म्हणजे दोघांतला जो भराभर वर चढेल त्याच्यामागे पडदा वर जाणार, आणि खाली राहिलेला पडद्याच्या खालच्या कडेला लागून मरणार. ताई कायम वर. मी कायम खाली. आमची त्या वर्षातली सगळी भांडणं एकाच धबधब्यावर झाली असं म्हटलं तरी चालेल.

मग वाड्यातल्या एका मुलानं तीस जीव मिळण्याची खूण दिली. वहीच्या शेवटच्या पानावर बाण काढून: वर वर खाली खाली डावा उजवा डावा उजवा, मग बी, ए. पुढे कळलं की ही खूण काझुहिसा हाशिमोतो या, काँट्रा बनवणाऱ्या कोनामी कंपनीतल्या माणसानं मुळात काँट्रासाठी केलीच नव्हती. १९८६ च्या ग्रॅडियस या गेमवर काम करताना तो गेम त्याला स्वतःलाच फार अवघड जात होता, तपासणीपुरती सोय म्हणून त्यानं ती घातली आणि ती आत राहून गेली. २०२० मध्ये हाशिमोतो गेले तेव्हा मला घरातलं कुणी गेल्यासारखं वाटलं होतं. सांगलीतल्या एका वाड्यातल्या पोरांना त्यांनी तीस-तीस जीव दिले होते.

टँकबद्दल दोनच वाक्यं, कारण तो ज्यांनी खेळलाय त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी नाही त्यांनी आजच खेळावा. टँक म्हणजे नामको कंपनीचा बॅटल सिटी, १९८५, आपल्या तळावरच्या गरुडाभोवतीच्या विटा सांभाळायच्या, फावडं मिळालं की त्याच विटा लोखंडी होतात, आणि चुकून जोडीदाराला गोळी लागली तर तो मरत नाही, क्षणभर जागच्या जागी अडकतो. आपल्या माणसाला लागलं तर काय व्हावं याचा इतका सुंदर विचार मी फार कमी गेम्समध्ये पाहिलाय. आणि हो, त्यात स्वतःचं मैदानही रचता यायचं. मी आमच्या गल्लीचा नकाशा रचायचो. मशीन बंद केलं की पुसला जायचा, दुसऱ्या दिवशी परत रचायचो.

(मुस्तफाप्रेमींनी रागावू नये. मुस्तफा ज्यात आहे त्या कॅडिलॅक्स अँड डायनासोर्सवर माझाही तेवढाच जीव आहे, पण कॅपकॉमचा तो १९९३ चा गेम पार्लरच्या मशीनवरचा, घरच्या कन्सोलवर तो कधी आलाच नाही. त्याच्यासाठी वेगळी पोस्ट लिहीन.)

पहिल्या प्ले स्टेशनची ओळख तासावर पैसे देऊन झाली. टेकन ३, दोघांच्या मारामारीचा गेम. भिंतीवर खडूनं लिहिलेला एकच नियम: 'एडी घ्यायचा नाही'. एडी गोर्डोचा तो नाचत मारण्याचा प्रकार कुठलीही बटणं दाबली तरी चालायचा आणि नवखा पोरगा सराईताला लोळवायचा. मला तो नियम तेव्हाही पटला नव्हता, आजही पटत नाही. पहिल्यांदा रिमोट धरणाऱ्याला जिंकायची एक वाट ठेवणं हा टेकनचा मोठेपणा होता.

आता ज्या गेमसाठी मुळात ही पोस्ट लिहायला घेतली तो. शॅडो ऑफ द कोलोसस, प्ले स्टेशन २, २००५. दिग्दर्शक फुमितो उएदा. मित्राकडून जुनं पीएस२ घेतलं होतं, इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, आणि महाराष्ट्रात लोडशेडिंगचे सगळ्यात वाईट दिवस. या गेममध्ये गावं नाहीत, दुकानं नाहीत, किरकोळ शत्रू नाहीत. एक मेलेली मुलगी, तिला परत आणायला निघालेला एक मुलगा, अ‍ॅग्रो नावाचा घोडा आणि रिकाम्या प्रदेशात विखुरलेले सोळा महाकाय जीव. बस. उन्हात तलवार उंच धरायची, तिच्यावरून परतणारे किरण जिथे एकवटतील ती दिशा. नकाशावर बाण नाही, कानात सतत बडबडणारं कुणी नाही. बोलणं जे थोडंफार आहे ते बनवलेल्या भाषेत, त्यामुळे जपानमधल्या खेळणाऱ्यालाही ते ऐकून कळणार नव्हतं. तिथे आम्ही सगळेच तिसरीतले होतो.

त्या जीवांच्या अंगावर केस असतात. ते धरून चढायचं. बटण दाबून ठेवलंय तोवर पकड आहे, सोडलं की पडलात, आणि पकडीची ताकद हळूहळू संपत जाते. तो जीव अंग झटकतो, आपण लोंबकळतो, आणि खरोखर हातातलं बोट दुखायला लागतं. हे फक्त गेमच करू शकतो. गोष्ट ऐकताना बोट दुखत नाही. आणि शेवटी तो डोंगराएवढा जीव कोसळतो तेव्हा विजयाचं संगीत वाजत नाही, को ओतानी यांची शोकधून वाजते. तेराव्याशी लढताना, तो वाळवंटावर उडणारा लांबलचक, मी थांबलो होतो. त्यानं माझ्यावर एकदाही हल्ला केला नव्हता. मी घोडा उभा केला आणि त्याला नुसतं उडू दिलं, कितीतरी वेळ. मग मारला, कारण पुढे जायचं तर दुसरी वाट नव्हती. तो पडला, पडदा काळा होत आला, सेव्ह करण्याची पाटी येणार तेवढ्यात दिवे गेले. घरात अंधार, पंखा थांबत आलेला. म्हणजे उद्या त्याला परत मारावं लागणार. त्या अंधारात मला जे वाटलं ते मी आजवर कुणाला नीट सांगू शकलेलो नाही.

लोक म्हणतात घोडा ऐकत नाही, कॅमेरा भरकटतो, पीएस२ ला तो गेम झेपत नव्हता. झेपत नव्हता हे खरंच, दृश्य अडखळायचं. २०१८ मध्ये पीएस४ वर नव्यानं बनलेला बघायला सुंदर आहे, ज्यांनी खेळला नाही त्यांनी तोच घ्यावा. पण घोड्याच्या बाबतीत मी ऐकून घेणार नाही. अ‍ॅग्रो घोडा आहे, मोटारसायकल नाही.

माझ्या मापात न बसणारा एक गेम मात्र सांगितलाच पाहिजे. क्रोनो ट्रिगर, मूळ १९९५ चा, मी खेळलो निंटेंडो डीएसवर. वाचल्याशिवाय यात काहीच कळत नाही. काळात मागे-पुढे जायचा गेम. एका ठिकाणी उजाड जमिनीवर जंगल उभं करायचं असतं, त्याला चारशे वर्षं लागणार, तर रोबो नावाचा आपला यंत्रमित्र म्हणतो, मी राहतो, तुम्ही पुढे व्हा. आपण यानात बसतो आणि क्षणात चारशे वर्षं ओलांडतो. तिथे हिरवंगार रान, आणि रोबो एका देवळात मूर्तीसारखा जपून ठेवलेला. आपल्यासाठी क्षण, त्याच्यासाठी चारशे वर्षं. हे वाचता यावं म्हणून इंग्रजी शिकलो असं म्हणायला माझी हरकत नाही.

जर्नी, पीएस३, २०१२. दोन तासांचा गेम, एका बैठकीत संपतो. वाळवंट, दूर एक डोंगर, आणि वाटेत जगातला कुणीतरी एक अनोळखी माणूस भेटतो. त्याचं नाव दिसत नाही, बोलता येत नाही, लिहिता येत नाही. एक बटण, त्यानं एक सूर निघतो, बस. जवळ आलात की एकमेकांच्या उपरण्यात उडण्याची ताकद भरते. शेवटी बर्फात वाऱ्यानं ती ताकद झिजत जाते, तेव्हा दोघं चिकटून चालतात, कारण तेवढ्यानंच ती टिकते. माझा सोबती एकदा मागे राहिला होता. मी परतलो. नंतर मी मागे राहिलो, तो वर उभं राहून सूर काढत राहिला, मला वाट दिसेपर्यंत. गेम संपल्यावर त्याचं नाव दिसलं. कुठल्या देशाचा ते कळलं नाही, कळायची गरजही वाटली नाही.

ब्रेथ ऑफ द वाइल्ड (निंटेंडोचं स्विच, २०१७) मी पावसामुळे प्रेमात पडून खेळलो. त्यात कुठलाही कडा चढता येतो, पण पाऊस आला की हात सटकतो. अनेकांना याचा राग येतो. ज्यांनी जुलैत हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर शेवाळलेल्या कातळावर पाय ठेवलाय त्यांना येणार नाही. पाऊस आला की कपारीत बसायचं, शेकोटी करायची, थांबायचं. विजा चमकायला लागल्या की पाठीवरची लोखंडी तलवार ठिणग्या सोडते, आणि ती उतरवून ठेवायची हे पाटी लावून कुणी शिकवत नाही, वीजच शिकवते.

आणि मग २०१७ मध्येच एक उलटी गंमत झाली. अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातल्या लोकांनी बनवलेला, आणि एक अख्खा टप्पा पश्चिम घाटात! लाल चिखल, धबधबे, होयसळांची मंदिरं, हळेबीडु. शोध कशाचा, तर गणपतीच्या तुटलेल्या दाताचा. परशुरामानं परशू फेकला, तो वडिलांनी म्हणजे शंकरानंच दिलेला, म्हणून त्याचा मान राखायला गणपतीनं वार दातावर घेतला, ही गोष्ट गेमची नायिका क्लोई आपल्या सोबतिणीला सांगते. मला ती आजीनं सांगितली होती, अडॅप्टर थंड होईपर्यंत. पंचवीस वर्षं मी गेममध्ये दुसऱ्यांच्या देवांच्या, दुसऱ्यांच्या राक्षसांच्या गोष्टी अंदाजानं समजून घेत आलो होतो. त्या संध्याकाळी पहिल्यांदा गेमच्या आधी मला ठाऊक होतं.

त्यानंतर तीन वर्षांनी पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा राजी आला, ऑगस्ट २०२०, आधी स्विचवर. लोकवर्गणीतून पैसे उभारायचा त्यांचा २०१७ चा प्रयत्न फसला होता, तरी ते मागे हटले नाहीत. भाऊ गोलूला शोधत निघालेली राजी, हातात त्रिशूळ, मधले प्रसंग छाया-बाहुल्यांतून, खांबाला गिरकी घेऊन मारलेला तो फटका! लढाई काही ठिकाणी जड वाटते आणि शेवट अचानक तुटतो, हे मी मान्य करतो. पण मी तो तीनदा खेळलोय आणि चौथ्यांदाही खेळणार आहे. माझी एकच इच्छा आहे, पुढचा गेम मराठीत बोलावा. खेळायला शब्द लागत नाहीत हे मी वर इतकं सांगितलं, तरी ही इच्छा आहे.

या भाऊबीजेला ताई नाशिकहून आली होती. पोरं झोपल्यावर मी स्विचवर काँट्रा लावला, जुना, जसाच्या तसा मिळतो आता. खूण मी सांगायच्या आधी तिच्या अंगठ्यानं सुरू केली होती. जंगल पार झालं, धबधबा आला. ती सवयीनं दोन कातळ वर गेली, पडदा सरकला, मी कडेला लागता लागता राहिलो.

तिनं रिमोटवरून अंगठा उचलला.

"ये तू आधी," म्हणाली.