‘फिटनेस 2031 पर्यंत’ या तारखेवरून गाडीची तब्येत कळत नाही

नागपुरातल्या नातेवाइकांच्या आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक संदेश फिरत आहे. त्याचा आशय असा की, जुनी छोटी गाडी घेताना मेकॅनिकवर पैसे घालवण्याची गरज नाही. एमपरिवहन या सरकारी ॲपवर गाडीचा क्रमांक टाकावा. फिटनेस पुढची अनेक वर्षे वैध दिसला, तर सरकारनेच गाडी तपासली आहे असे समजावे. पीयूसी, म्हणजे प्रदूषण तपासणीचे प्रमाणपत्र, चालू असेल, तर इंजिन उत्तम. टॅक्सी म्हणून चाललेली गाडी दर वर्षी तपासली जाते, म्हणून ती खासगी गाडीपेक्षा भरवशाची. आणि इंग्लंडमध्येही लोक तपासणीच्या नोंदी पाहूनच गाडी घेतात. मानेवाड्याला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीने याच संदेशावर विसंबून 2016 सालच्या एका हॅचबॅकचे टोकन दिले. गाडी कोणा जाणकाराला दाखवलीस का, असे विचारल्यावर तिने उत्तरादाखल मला तोच संदेश पाठवला. घरातली जमापुंजी अशा चार ओळींच्या भरवशावर खर्च होत असेल, तर गप्प राहणे मला शक्य नाही.

सर्वांत चुकीचा आणि सर्वांत घातक मुद्दा पहिलाच आहे. खासगी गाडीपुढे दिसणारी फिटनेसची तारीख कोणत्याही तपासणीतून आलेली नसते. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 41 मधील पोटकलम (7) नुसार परिवहन वाहन नसलेल्या, म्हणजे खासगी गाडीची नोंदणी दिलेल्या दिवसापासून 15 वर्षे वैध असते. 14 ऑक्टोबर 2016 रोजी नोंदलेल्या गाडीपुढे ऑक्टोबर 2031 दिसते, ते केवळ या 15 वर्षांच्या बेरजेमुळे. ती गाडी रोज धुऊन पुसून ठेवलेली असो, की झाडावर आदळून पुन्हा ठोकून उभी केलेली असो, तारीख तीच राहते. ठरावीक काळाने योग्यता प्रमाणपत्र, म्हणजेच फिटनेस, घेण्याची सक्ती त्याच कायद्याच्या कलम 56 मध्ये आहे आणि ती परिवहन वाहनांसाठी, म्हणजे टॅक्सी, रिक्षा, बस, ट्रक यांच्यासाठी आहे. शिवाय 2019 च्या दुरुस्तीनंतर अधिकृत विक्रेत्याकडून घेतलेली नवी गाडी पहिल्या नोंदणीसाठी आरटीओत हजर करण्याची गरजही उरलेली नाही. म्हणजे एमएच 31, 40 किंवा 49 च्या पाटीची एखादी खासगी गाडी मोटार वाहन निरीक्षकाच्या नजरेला एकदाही न पडता रस्त्यावर फिरत असू शकते. जी तपासणी झालेलीच नाही, तिच्यावर भरवसा ठेवायला हा संदेश लोकांना सांगत आहे.

नागपुरात यामुळे किती नुकसान होऊ शकते, हे समजायला 22 आणि 23 सप्टेंबर 2023 मधली रात्र आठवणे पुरेसे आहे. काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीने काठ सोडले आणि अंबाझरी लेआउटपासून सीताबर्डीपर्यंतच्या वस्त्यांत घरांपुढे लावलेल्या गाड्या पाण्याखाली गेल्या. त्यांतल्या दुरुस्त झालेल्या गाड्या आज सेकंड हँड बाजारात येऊ शकतात आणि त्यांच्या नोंदीतली फिटनेसची तारीख त्या रात्रीमुळे एका दिवसानेही बदललेली नाही. पाण्यात बुडालेल्या गाडीचा दोष लगेच दिसत नाही. वायरिंगच्या जोडांत हिरवट गंज हळूहळू चढतो, सेन्सर अधूनमधून चुकीचे संकेत देतात, एअरबॅगचा दिवा लागतो आणि विझतो, आणि वर्षभरानंतर एखाद्या सकाळी गाडी सुरूच होत नाही. अशी गाडी ओळखायची, तर सीटखालच्या लोखंडी रुळांवर गंज आहे का ते पाहावे, मागच्या डब्यातली स्टेपनी उचलून तिच्याखाली वाळलेला गाळ आहे का ते पाहावे, जमिनीवरचे मॅटिंग उचलून वास घ्यावा आणि सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढून त्यावर मातकट रेघ आहे का ते तपासावे.

त्याहून एक सोपा कागद विक्रेत्याकडे मागता येतो आणि तो फारसे कोणी मागत नाही. तो म्हणजे गेल्या तीन-चार वर्षांच्या विमा पॉलिसींच्या प्रती. दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत, ज्याला सगळे एनसीबी म्हणतात, ती पहिल्या वर्षानंतर 20 टक्के असते आणि पुढे 25, 35, 45 अशी वाढत 50 टक्क्यांपर्यंत जाते. मालक तोच आहे, आणि 2023 च्या पॉलिसीत 45 टक्के असलेली सवलत पुढच्या नूतनीकरणात शून्यावर आली आहे, असे दिसले, तर मधल्या काळात गाडीच्या नुकसानीचा दावा झाला असण्याची दाट शक्यता आहे आणि तो कशाचा होता हे विचारलेच पाहिजे. दाव्यानंतरही सवलत टिकवणारे ॲड-ऑन, म्हणजे विम्यातले जादा कलम, घेतलेले असेल, तर ही खूण मिळणार नाही. तरीही फिटनेसच्या तारखेपेक्षा हा कागद कितीतरी अधिक बोलतो.

एक गोष्ट मान्य करतो. 15 वर्षे उलटलेल्या खासगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी नव्याने करावी लागते आणि त्या वेळी गाडीची तपासणी होते. त्यामुळे 2008 च्या गाडीपुढे पुढची तारीख दिसत असेल, तर तिच्यामागे निदान एक तपासणी असायला हवी. तसेच त्या ॲपवर गाडी कितव्या मालकाकडे आहे, कर्जाचा बोजा आहे का, विमा चालू आहे का, हे कळते आणि ते पाहिल्याशिवाय कोणी पैसे देऊ नयेत. पण ही सगळी कागदपत्रांची पडताळणी झाली. तिच्यातून गाडीच्या यंत्राबद्दल काही निष्कर्ष काढता येत नाही.

पीयूसीबद्दल थोडक्यात सांगतो. पेट्रोल गाडीच्या पीयूसीत फक्त सायलेन्सरमधून बाहेर पडणारा वायू तपासला जातो. बीएस-4 या प्रदूषण निकषाच्या आणि त्यापुढच्या गाडीसाठी इंजिन जागेवर चालू असताना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 0.3 टक्के आणि हायड्रोकार्बनची 200 पीपीएम, म्हणजे दहा लाखांत 200 भाग, आहे. वारंवार नापास होणाऱ्या गाडीत काहीतरी बिघाड आहे, एवढे त्यावरून म्हणता येते. पण पास झालेल्या गाडीची क्लच प्लेट, गिअरबॉक्स, रेडिएटर, एसीचा कॉम्प्रेसर कसा आहे, हे ते यंत्र सांगू शकत नाही. मे महिन्यात पारा 45 अंशांवर जाणाऱ्या शहरात रेडिएटर आणि एसी या किरकोळ बाबी नाहीत.

टॅक्सीचा मुद्दा तर तपशिलातच चुकीचा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम 62 प्रमाणे आठ वर्षांपर्यंतच्या परिवहन वाहनाचे योग्यता प्रमाणपत्र दोन-दोन वर्षांसाठी असते. दर वर्षीची सक्ती त्यानंतर सुरू होते. ब्रेक, दिवे, स्टिअरिंग, हॉर्न, वायपर, धूर अशा रस्त्यावरच्या सुरक्षिततेच्या गोष्टी त्यात पाहिल्या जातात आणि त्या पाहिल्याच पाहिजेत. पण इंजिन आणखी किती चालेल, हा त्या तपासणीचा विषयच नाही. रोज दिवसभर भाड्याने चाललेली गाडी त्याच वयाच्या घरगुती गाडीपेक्षा कितीतरी अधिक झिजलेली असते, हे प्रमाणपत्रामुळे बदलत नाही.

आता इंग्लंड. संदेशातला हा एकच भाग असा आहे की ज्यात तथ्याचा अंश आहे, आणि म्हणूनच तो लोकांना पटतो. ब्रिटनमध्ये गाडीला तीन वर्षे झाली की दर वर्षी एमओटी नावाची तपासणी सक्तीची होते. त्या तपासणीचा इतिहास गाडीच्या क्रमांकावरून सरकारी संकेतस्थळावर कोणालाही फुकट पाहता येतो. गाडी कशामुळे नापास झाली, कोणत्या बाबींवर लक्ष ठेवायला सांगितले होते आणि त्या दिवशी मीटरवर किती आकडा होता, हे सगळे त्यात असते. मीटर मागे फिरवलेला पकडायला किंवा तळाचा गंज सलग तीन वर्षे बजावूनही मालकाने दुरुस्त केला नाही हे ओळखायला ही नोंद फार मोलाची आहे. पण त्याच संकेतस्थळावर ब्रिटिश सरकारने स्पष्ट लिहिले आहे की, इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स यांची स्थिती एमओटीमध्ये तपासली जात नाही. ज्या भागांच्या दुरुस्तीचा खर्च जुन्या छोट्या गाडीच्या मालकाचे कंबरडे मोडतो, नेमके तेच भाग तपासणीबाहेर आहेत.

अमुक मॉडेल तपासणीत जास्त पास होते म्हणून ते टिकाऊ, असा हिशेब तिथेही काही लोक मांडतात, पण तो टिकत नाही. गाड्या तिथे मोठ्या प्रमाणावर नापास होतात त्या दिवे, टायर, ब्रेक आणि सस्पेन्शन यांवरून. गेलेला बल्ब तपासणीच्या आदल्या दिवशी बदलणाऱ्या मालकाची गाडी पास होते, तर न बदलणाऱ्याची तीच गाडी नापास होते, आणि यावरून कळतो तो मालकाचा स्वभाव. बाजारहाटापुरती थोडी चालणारी छोटी गाडी महामार्गावर धावणाऱ्या गाडीपेक्षा या आकड्यांत चांगली दिसते, कारण तिचे टायर आणि ब्रेक कमी झिजलेले असतात. जर्मनीत तर दोन वेगळ्या याद्या निघतात: तपासणीत सापडलेल्या दोषांची यादी टीयूव्ही ही गाड्या तपासणारी संस्था काढते आणि वाटेत बंद पडलेल्या गाड्यांची यादी एडीएसी ही मोटारचालकांची संघटना काढते. तपासणी पास होणे आणि वाटेत बंद न पडणे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

आपल्याकडे खासगी गाडीसाठी एमओटीसारखी सार्वजनिक नोंद नाही. तिच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट म्हणजे अधिकृत सर्व्हिस सेंटरमधली जॉब कार्डे, कारण प्रत्येक सर्व्हिसच्या दिवशीचा किलोमीटरचा आकडा आणि बदललेले भाग त्यांत लिहिलेले असतात. मालकाने मनात आणले, तर ती काढून देणे त्याला अवघड नाही. 2020 च्या कार्डावर 61,000 आणि आज मीटरवर 48,000 असे आढळले, तर पुढे बोलण्यासारखे काही उरत नाही. त्यानंतर आपल्या ओळखीच्या, विक्रेत्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिकला गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहू द्यावी, गाडीच्या संगणकातले दोष वाचणारा स्कॅनर लावू द्यावा, आणि मग भर दुपारी एसी चालू ठेवून, चौघांना बसवून ती सेमिनरी हिल्सच्या चढावर न्यावी. इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी त्या मानाने पुढे जात नाही, असे झाले तर क्लच घसरत आहे. वर पोहोचून पाच मिनिटे उभी केल्यावर तापमानाचा काटा चढत राहिला, तर रेडिएटर, पंखा किंवा हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागातले सील) यांपैकी काहीतरी गेले आहे, आणि ते काय आहे हे मेकॅनिकने सांगितल्याशिवाय किमतीची बोलणी करू नयेत.