विजयदुर्ग आणि हेलियम: तारखा नीट लावूया

दर वर्षी १८ ऑगस्ट, म्हणजे हेलियम दिन, जवळ आला की एक मजकूर फिरतो: '१८६८ साली नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने विजयदुर्ग किल्ल्यावरून खग्रास सूर्यग्रहण पाहिलं आणि हेलियम शोधला.' यातलं ग्रहण खरं आहे. लॉकियर मात्र त्या दिवशी भारतात नव्हता. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन गुंटूरला होता, इंग्रज लेफ्टनंट जॉन हर्शेल आपल्या पटवर्धनांच्या जमखंडीत. लॉकियरने इंग्लंडमधूनच, ग्रहणाशिवाय, २० ऑक्टोबर १८६८ रोजी सूर्याच्या कडेचा वर्णपट पाहिला. त्यातली पिवळी रेषा सोडियमच्या रेषांशी जुळेना, आणि तिथून नव्या मूलद्रव्याचा, म्हणजे हेलियमचा, विचार सुरू झाला. पृथ्वीवर हेलियम सापडला १८९५ मध्ये, रसायनशास्त्रज्ञ रॅम्झेला.

मग विजयदुर्गाचा संबंध काय? आहे, आणि भक्कम आहे. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी लॉकियर खरोखरच इथे दुर्बिणी घेऊन आला होता. किल्ल्यावरचे 'साहेबाचे ओटे' (दुर्बिणीसाठी बांधलेले म्हणून सांगितले जाणारे चौथरे) या मुक्कामाशी जोडले तरच हिशेब जुळतो, असं माझं मत आहे. (१८७१ च्या ग्रहणाला तो केरळात बेकलला होता.)

वाघोटन खाडीच्या मुखावरच्या या गावाला उसन्या शोधाची गरज नाही. तुळाजी आंग्र्यांचं आरमार इथेच होतं. १७५६ मध्ये इंग्रजांच्या वॉटसन आणि क्लाइव्ह यांना तेच मोडायला यावं लागलं. हेलियम दिन जरूर साजरा करा, फक्त लॉकियर इथे १८९८ मध्ये आला होता, हे मुलांना सांगा.