वकीलसाहेबांचा सायन्सवर दावा

दहावीच्या पुस्तकातनं डार्विनचा उत्क्रांतीचा धडा काढल्याचा विषय तसा शिळा, पण आमच्या वकीलसाहेबांनी परवा कट्ट्यावर परत उकरला. पोरीचं दहावीचं पुस्तक बघितलं म्हणे (सीबीएसई बरं का, हे सांगायला साहेब विसरत नाहीत). बरं झालं काढलं, हे सायन्सवाले सारखी पलटी मारतात, आपल्या वेळी नऊ ग्रह होते, २००६ ला प्लुटो घालवला, उद्या गुरू घालवतील, मग पोरांनी पाठ कशाला करायचं?

मास्तर शांतपणे म्हणाले, "आयपीसीचा जुना कायदा जाऊन न्याय संहिता आली, वकिलीची सनद परत केलीस का?"

बंडूला चहाचा ठसका लागला.

"ते वेगळं!"

"वेगळंच. प्लुटो तिथंच फिरतोय, ग्रह कशाला म्हणायचं तेवढं प्रागला बसून ठरवलं. थिअरी कशी बदलते ते बघायचं तर लातुरातच बघ. आपल्याला शाळेत काय घोकायला लावलं? दख्खनचं पठार टणक, स्थिर, भूकंप हिमालयात. ६७ ला कोयना हलली तर बरेच जण म्हणाले ते धरणाच्या पाण्यामुळं. किल्लारी भूकंपाच्या नकाशात झोन एकमध्ये, सगळ्यात कमी धोका."

पुढचं आम्हाला सांगायची गरजच नव्हती. ३० सप्टेंबर ९३, गणपती बोळवून लोकं झोपलेली, चार वाजायच्या आत सगळं खाली. दगडमातीच्या जाडजूड भिंती अन् वर मातीचं माळवद, ते अंगावर आल्यावर माणूस वाचतंय कशाला.

"म्हणजे चुकलेच की शास्त्रज्ञ!" साहेबांना वाटलं केस जिंकली.

"चुकले. म्हणून २००२ ला 'झोन एक' हा प्रकारच काढून टाकला, अन् लातूर तीनमध्ये घातलं. तुझ्या व्हॉट्सॲपनं आजवर एक तरी नकाशा दुरुस्त केलाय का?"

साहेब जरा बसले, मग दुसरा पॉइंट: डार्विन बारावीला आहे की, एवढी बोंब कशाला, अठराशेच्या वर शास्त्रज्ञांनी धडा काढल्याविरुद्ध पत्र काढायची काय गरज? मास्तर म्हणाले, बारावीला बायलॉजी घेतात किती जण, तुझी पोरगी तर कॉमर्सला निघालीय. आणि खरी गोम निराळीच, आमच्या पुस्तकात उत्तर असतं, त्यासाठी झालेली भांडणं नसतात. वेगेनरनं १९१२ ला सांगितलं खंड सरकतात, भूगर्भवाल्यांनी उडवून लावलं, समुद्राच्या तळाचे पुरावे येऊन लोकांना पटायला साठचं दशक उजाडलं, तोवर तो १९३० लाच ग्रीनलंडच्या बर्फात गेलेला. हे वर्गात सांगायला गेलं की मागनं कोणीतरी विचारतंय, सर परीक्षेला किती मार्काला?

(मला स्वतःला हे पटतं, माझी सगळी शाळा 'कारणे द्या' मध्ये गेली आणि कारणं पण गाईडातली.)

"पण त्याचं ऐकलं का नाही कोणी?" बंडू.

"खंड सरकवणारी ताकद कुठली, ते त्याला नीट सांगता येईना. आणि मूळचा तो हवामानवाला."

"मग बरोबर हाय! हवामानवाल्याचं ऐकूनच मी सोयाबीन दोनदा पेरलं!"

झालं, तिथनं गाडी सोयाबीनच्या भावावर, भावावरनं बंडूनं ट्रॅक्टरसाठी घेऊन बुडवलेल्या साहेबांच्या पैशावर. साहेब म्हणाले, नोटीस पाठवतो. बंडू म्हणाला, पाठवा, पण जुन्या कलमाखाली की नव्या?