‘जिम लाव, क्रीम लाव’ सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: दिसण्यावरून रडणाऱ्या पोरापोरींना थेरपिस्ट कशाला, जिम आणि चांगलं क्रीम पुरे. तसा थेरपिस्ट खानदेशात मिळतही नाही. मिळालाच तर ‘तू छान दिसतेस’ सांगून पैसे घेतो, नाहीतर गोळ्यांची सवय लावतो. पुढे ढकलणाऱ्यांच्या मनात काही वाईट नसेल, पण या सल्ल्यात एखाद्याची दोन-चार वर्षं सहज वाया जातात.

‘जिम आणि क्रीम पुरे.’ नाक वाकडं, केस विरळ, रंग काळवंडलेला, हाच विचार रोज तासाहून जास्त वेळ खात असेल, आरसा नि सेल्फी पुन्हापुन्हा तपासल्या जात असतील, कॉलेज किंवा लग्नकार्य टाळलं जात असेल, तर तो बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर, म्हणजे बीडीडी असू शकतो. तो दोष इतरांना दिसत नाही किंवा किरकोळ वाटतो. मुलांनाही हा त्रास होतो. पिळदार दंड असूनही ‘मी सुकडाच’ म्हणत तीन-तीन तास वजनं उचलणाऱ्या पोराला जिम म्हणजे आजाराला खतपाणी. गोरेपणासाठी विकल्या जाणाऱ्या काही ट्यूबांमध्ये बीटामेथासोनसारखं स्टेरॉइड असतं. सुरुवातीला चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होते, लाली, पुरळ, लव येते आणि ट्यूब थांबवली की सगळं भडकतं. आधी नसलेला दोष आता खरोखर तयार होतो.

आपल्याकडे ओळखायला एक अडचण आहे. ४५ अंशांच्या उन्हात स्कूटीवर सगळ्याच मुली स्कार्फ बांधतात. तो वर्गात बसल्यावर, दिवेलागणीनंतरही सुटत नसेल, तर विचारा.

‘खानदेशात मिळत नाही.’ जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या रुग्णालयात केसपेपर काढून मानसोपचार ओपीडीत निदान होतं, औषधं मिळतात. गर्दीत तासभराची थेरपी मात्र होत नाही, म्हणून तिथेच विचारा, ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत का, नसतील तर कुणाकडे पाठवाल?’ टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. जीव द्यावासा वाटत असेल तर आधी हाच फोन. बारीक दिसण्यासाठी जेवून ओकारी काढणं, चक्कर, पाळी बंद होणं असेल तर आधी फिजिशियन, कारण पोटॅशियम उतरलं की हृदयाचे ठोके बिघडतात.

शहाद्याहून किंवा रावेरहून व्हिडिओ कॉलवर पुण्या-नाशिकच्या थेरपिस्टकडेही उपचार होतात. घरात खोली मिळत नसेल तर इअरफोन लावून गच्चीवर किंवा शेतात बसा. कॉलमध्ये कोपऱ्यात दिसणारा स्वतःचा चेहरा सेटिंगमधून लपवा, नाहीतर सगळं लक्ष तिथेच जातं. टोमणे अहिराणीत ऐकलेले असतील तर ते अहिराणीतच सांगा. भाषांतरात त्यांची धार जाते.

‘छान दिसतेस म्हणून पैसे घेतो.’ असं म्हणणारा भेटला तर त्याला बीडीडीचं काम येत नाही. दिलाशाने दहा मिनिटं बरं वाटतं, मग आईला पुन्हा विचारायचं, ‘खरंच ना?’ आरसा बघण्यासारखीच ती सवय जडते. म्हणून पहिल्या भेटीआधी फोनवरच विचारा: बीडीडीचे रुग्ण हाताळलेत का? सीबीटी (विचार आणि सवयी बदलण्याची थेरपी) करता का, आणि त्यात एक्सपोजर (टाळलेल्या गोष्टींना टप्प्याटप्प्याने सामोरं जाणं) कसं घेता? आरशाचं काय करता? ‘एका सेशनमध्ये बरं करतो’ म्हणणारा किंवा सोबत वजन घटवायचं पॅकेज विकणारा नको. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा, त्यात गैर काही नाही. नुसतं ‘काउन्सेलर’ लिहिलेली पाटी कुणीही लावू शकतो, तिथे प्रशिक्षण कुठे नि किती काळ झालं ते विचारा.

खरं काम साधारण असं चालतं. सुरुवातीला वही: दिवसात किती वेळा आरसा, किती सेल्फी, किती वेळा घरच्यांना विचारलं. मग तो आकडा टप्प्याटप्प्याने खाली. आरशापुढे दोन-तीन फुटांवर उभं राहून डोक्यापासून पायापर्यंत फक्त वर्णन करायचं, ‘वाईट’, ‘जाड’ असा शेरा नाही. मग मेकअप न करता किराणा दुकान, नंतर आठवडी बाजार, शेवटी हळदीचा कार्यक्रम. धास्ती वाढते, पण पळून न जाता थांबलं की ती ओसरते किंवा सोसायला जमते, आणि मन तेच शिकतं. आठवड्याला एक याप्रमाणे १२ ते २२ सेशन लागू शकतात.

‘गोळ्यांची सवय.’ सायकॉलॉजिस्ट गोळ्या लिहून देत नाही, मानसोपचारतज्ज्ञ देतो. बीडीडीत वापरल्या जाणाऱ्या एसएसआरआय गटातल्या (नैराश्य-चिंतेवरही दिल्या जाणाऱ्या) गोळ्यांची नशेसारखी चटक लागत नाही. गुण यायला मात्र १२ आठवडेही लागतात आणि मनाने एकदम बंद केल्या तर चक्कर, अस्वस्थता होते. गावभर बोंब होईल ही भीती असेल तर मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार उपचाराची माहिती गोपनीय ठेवणं बंधनकारक आहे. जिवाला धोका असेल तेव्हाचा अपवाद वेगळा.

सहा-आठ सेशन होऊनही गृहपाठ मिळत नसेल, वहीतला आकडा हलत नसेल, तर थेरपिस्टला स्पष्ट विचारा. उत्तर पटलं नाही तर दुसरा शोधा, आणि जाताना ती वही सोबत न्या.