शलेफची नावं: एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार. आपला आक्षेप थोडक्यात असा: अल्जीरियातलं शलेफ फ्रेंचांनी 1843 मध्ये वसवलं, त्याला रोमन इतिहास ओढूनताणून जोडलाय; शलेफचं रोमन नाव म्हणून सांगितलं जाणारं 'कास्तेल्लुम टिंगिटानुम' म्हणजे मोरोक्कोतलं टँजियर; आणि शहराचं 'अल अस्नाम' हे नाव स्वातंत्र्यानंतर सुचलेलं. तिन्ही मुद्दे पुराव्यापुढे टिकत नाहीत.

टँजियरचं रोमन नाव टिंगिस, म्हणून हा घोळ नेहमी होतो. पण शलेफ तिथून पूर्वेला सहाशेहून जास्त किलोमीटरवर, मॉरेटानिया सीझरियन्सिस या वेगळ्याच प्रांतात होतं. त्या प्रांताची राजधानी म्हणजे आजचं शेरशेल.

रोमन वस्तीचा पुरावा फ्रेंचांना 1843 मध्येच मिळाला. जमिनीखाली बॅसिलिका, म्हणजे जुनं चर्च, निघाली, तिच्या फरशीवर पायाभरणीचा लेख आहे: प्रांतवर्ष 285. हा आकडा इसवी सन म्हणून वाचला की सगळं गणित चुकतं, चर्च थेट रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या काळात जाऊन पडतं. प्रांताची कालगणना इ.स. 40 पासून, म्हणून 39 मिळवायचे. वर्ष येतं 324, सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळातलं. त्याच फरशीत चक्रव्यूह आहे. त्याच्या मधोमध 13 ओळी, 13 रकान्यांचा अक्षरांचा चौकोन. केंद्रातल्या 'एस'पासून आडवं-उभं वळत कुठल्याही कोपऱ्याकडे जा, 'सांक्ता एक्लेसिया', म्हणजे 'पवित्र चर्च', हेच वाचता येतं. तिरकं मात्र जायचं नाही. हे मोझेक आता अल्जीयर्सच्या साक्रे कर कॅथेड्रलमध्ये आहे.

आता अल अस्नाम. अस्नाम हे 'सनम'चं अनेकवचन. हिंदी गाण्यांतला सनम तो हाच, मूळ अर्थ मूर्ती. रोमन अवशेष पाहून स्थानिकांनी जागेला हे नाव दिलं होतं. फ्रेंच सेनापती ब्युजोच्या सैन्याने तळ ठोकला तो 'एल एस्नाम' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जागीच. ऑर्लेआँव्हिल हे फ्रेंच नाव त्यावर नंतर चढलं, तेही ऑर्लेआँ शहरावरून नव्हे. 1842 मध्ये घोडागाडीच्या अपघातात गेलेल्या ऑर्लेआँच्या ड्यूकची ती आठवण. स्वातंत्र्यानंतर सरकारने नवं नाव शोधलं नाही, जुनंच परत आणलं.

ते फार टिकलं नाही, याचं मला वाईट वाटतं. 10 ऑक्टोबर 1980 च्या भूकंपात अडीच हजारांहून जास्त माणसं गेली. त्यानंतर वर्षभरात शहराला शेलिफ नदीचं नाव मिळालं, तेच आजचं शलेफ. मूर्तींचं नाव अपशकुनी ठरलं, असं सर्रास सांगतात. पण 9 सप्टेंबर 1954 ला हेच शहर कोसळलं, तेव्हा ते कागदोपत्री ऑर्लेआँव्हिल होतं. जमीन हलते ती आफ्रिका आणि युरेशिया या भूपट्टांच्या रेट्यामुळे.

भूकंपांच्या याद्या चाळताना एवढं जपा: 1954 ची नोंद 'ऑर्लेआँव्हिल' खाली असते, 1980 ची 'एल अस्नाम' खाली. 'शलेफ' एवढंच शोधलंत तर दोन्ही हातून निसटू शकतात.