खडखडीकडून कुंईकडे

आमची गाडी वाजते, ही बातमी घरात सगळ्यांत शेवटी मला कळली. बायकोला ती दिवाळीतच कळली होती, कारण आवाज नेमका तिच्या पायाखालून यायचा. "अहो, इथं खाली कुणीतरी खलबत्त्यात सुंठ कुटतंय," असं ती तेव्हाच म्हणाली होती. मी रेडिओचा आवाज वाढवला. आमच्या घराण्यात गाडीवरचा पहिला उपचार हाच.

पण सांगलीत रेडिओ तरी किती वाढवणार? आमची जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचा रस्ता बिचारा तिच्या मर्जीनं वर-खाली होत राहतो. घरापासून शाळेपर्यंत माझ्या वाटेवर अकरा गतिरोधक आहेत. त्यांतले चार सरकारी, बाकीचे लोकांनी हौसेनं केलेले. प्रत्येकावर खड्‌खड्. पुढं पुढं तर गाडी फाटकात शिरायच्या आत दहावी 'ब' चिडीचूप बसायला लागली. शिस्तीला ते बरंच होतं, पण मी विज्ञानाचा शिक्षक. ज्याची गाडी अशी वाजत येते, त्यानं ध्वनीचा धडा कोणत्या तोंडानं घ्यायचा?

शेवटी माधवनगर रस्त्याला आमच्या नेहमीच्या मेस्त्रींकडं गेलो. त्यांनी गाडी मला चालवायला लावली आणि स्वतः शेजारी बसून मुंडकं खिडकीबाहेर काढलं. तीन गतिरोधक झाले तरी मुंडकं बाहेरच. चौथ्याला आत आलं.

"बुश गेल्यात, सर. लोअर आर्मची."

गॅरेजात जॅक लावून त्यांनी चाकामागं पहार घातली आणि जरा रेटा दिला. ज्या वस्तूनं चाक जागेवर धरून ठेवायचं, ती वस्तू माझ्या डोळ्यांदेखत बोटभर सरकली. मधलं रबर फाटून गोठ्यातल्या वैरणीसारखं लोंबत होतं.

ज्यांच्या गाडीचं अजून काही गेलेलं नाही अशा सुखी माणसांसाठी सांगतो. बुश म्हणजे एकात एक घातलेल्या दोन लोखंडी नळ्या आणि त्यांच्यामध्ये घट्ट चिकटवलेलं रबर. बाहेरची नळी आर्मच्या, म्हणजे चाक सांगाड्याला जोडणाऱ्या लोखंडी हाताच्या, डोळ्यात ठोकलेली, आतल्या नळीतून बोल्ट जाऊन गाडीच्या सांगाड्याला आवळलेला. चाक वर-खाली झालं की दोन्ही नळ्या आपापल्या जागी ताठ राहतात आणि पिळवटतं ते मधलं रबर. आमच्या शाळेत संस्थाचालक आणि शिक्षक यांच्यामध्ये पर्यवेक्षक नावाचा जो माणूस असतो, तोच हा. दोन्हीकडचे हिसके खातो आणि आवाज बाहेर येऊ देत नाही. फाटला, की मगच सगळ्यांना कळतं की इतकी वर्षं शांतता कशामुळं होती.

"मागं कुणीतरी काम करताना गाडी जॅकवर असतानाच बोल्ट आवळलाय," मेस्त्री म्हणाले. "चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन आल्यावर आवळायचा असतोय त्यो. न्हाईतर रबर कायम पिळलेलंच ऱ्हातंय." म्हणजे लग्नात फोटोग्राफर नवरदेवाची मान वळवून "तस्संच राहा" म्हणतो, तसं माझं रबर चार वर्षं तस्संच राहिलं होतं. चार वर्षांपूर्वी हे काम कुणी केलं होतं, ते मेस्त्रींनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. त्या वेळी त्यांचा हेल्पर नवीन होता.

इलाज सोपा होता. बुश बसवूनच मिळणारे नवे आर्म आणायचे, लावायचे, अलाइनमेंट करायची. दुपारच्या जेवणाला घरी. पण मी आदल्या रात्री मोबाईलवर एकामागून एक सहा व्हिडिओ पाहिले होते. सहाव्याच्या शेवटी माणूस माणूस राहत नाही.

"मेस्त्री, आपण पीयू टाकू."

"पीयू?"

"पॉलियुरेथेन. रबरासारखं तडकत नाही, तेलानं फुगत नाही. रबराची कडकपणाची मोजणी साठच्या आसपास, आणि याची ऐंशी-नव्वद. एकदा घातलं की कायमचं."

"कडक म्हंजे हादरं बसणार की, सर. ती रेसच्या गाडीला घालत्यात."

"स्टिअरिंग एकदम नेमकं होतं."

मेस्त्रींनी माझ्याकडं, मग माझ्या गाडीकडं आणि मग मागच्या सीटवर ठेवलेल्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याकडं पाहिलं. "करूया की," ते म्हणाले. सांगलीत 'करूया की' याचे दोन अर्थ होतात. दुसरा मला उशिरा कळला.

पार्सल आठवड्यानं आलं. लालभडक, गुळगुळीत, दोन-दोन भागांत केलेली बुश, चकचकीत स्टीलच्या नळ्या, एका पाऊचमध्ये ग्रीस आणि एक घडी घातलेला कागद. आईनं एक लाल बुश उचलून नाकाला लावलं. तिला ती जेलीची मिठाई वाटली होती. नानांनी मात्र नळी बुशात घालून फिरवून पाहिली आणि म्हणाले, "हे बैलगाडीच्या चाकासारखं झालं. आख आत फिरणार. मग वंगण लागणार."

"नाना, हे 1937 सालचं जर्मन संशोधन आहे. ओटो बायर नावाच्या—"

"वंगण लागणार," नाना म्हणाले आणि पेपर वाचायला लागले.

रविवारी सकाळी आठला काम सुरू झालं. पहिल्या दोन बोल्टांनी काही त्रास दिला नाही. तिसरा बोल्ट आतल्या नळीशी गंजून असा एकजीव झाला होता की पाना लावला की बोल्टासकट नळी फिरायची, नळीसकट फाटकं रबर फिरायचं आणि बोल्ट तिथल्या तिथं. आधी फवारा मारला, मग डिझेल ओतून चहा घेतला, मग पान्याला चार फुटी पाइप घालून हेल्पर त्यावर लोंबकळला. तरफेचा नियम मी पंचवीस वर्षं शिकवतोय, पण तो असा अंगावर येताना कधी पाहिला नव्हता. 'खाडकन' आवाज झाला. सगळ्यांना वाटलं बोल्ट सुटला. तो पाना होता. अखेर अकरा वाजता ग्राइंडरनं बोल्ट कापला.

मग आर्म घेऊन शेजारच्या लेथवाल्याकडं गेलो. त्याच्याकडं हायड्रॉलिक प्रेस. डोळ्यातलं रबर निघालं, बाहेरची लोखंडी नळी मात्र तिथंच बसून राहिली. मेस्त्री इरेला पेटले. हॅकसॉचं पातं आत घालून त्यांनी ती नळी आतून कापायला घेतली. आर्मला चर पडू द्यायची नाही आणि नळी तर कापायची, असं ते काम. पाऊण तास ते पातं हातभर पुढं-मागं होत होतं. घाम निथळत होता. शेवटी नळी चुरगाळून बाहेर आली तेव्हा लेथवाल्यासकट आम्ही सगळ्यांनी सुस्कारा सोडला.

मेस्त्रींनी लाल बुश आत सरकवलं. ते आत गेलं आणि डोळ्यात गडगड हललं. चांगलं दोन-तीन मिलिमीटर ढिलं.

"सर, ह्ये चुकीचं आलंय."

मी खिशातला कागद काढला. परीक्षेच्या प्रत्येक पेपरावर मी ठळक अक्षरांत छापून घेतो : 'सूचना नीट वाचून मगच प्रश्न सोडवा.' कागदावर दुसऱ्याच ओळीत लिहिलं होतं की फक्त रबर काढा, बाहेरची मूळ नळी जागेवर राहू द्या.

लेथवरची मोटर कुणीतरी बंद केली. मेस्त्रींनी कागद हातात घेतला, इंग्रजी असूनही दोन मिनिटं शांतपणे पाहिला, घडी घातली आणि माझ्या शर्टाच्या खिशात परत ठेवून वरून हलकेच थोपटलं. पंचवीस वर्षांच्या नोकरीत माझा इतका नेमका पाणउतारा कुठल्या तपासणीतही झालेला नाही.

लेथवाल्यानं दोन तासांत नवी नळी कातून दिली. उरलेल्या कामात नळ्यांना कुणी हात लावला नाही, फक्त रबर काढलं. या नादात संध्याकाळ झाली आणि ग्रीसचं पाऊच सापडेना. चौकशीअंती कळलं की हेल्परनं ते हात धुवायचं लिक्विड समजून वापरलं होतं. त्याचे हात नंतर चार दिवस फार मऊ होते म्हणे. मेस्त्रींनी डब्यातलं पिवळं ग्रीस दोन बोटं घेऊन भरलं. "ग्रीस ते ग्रीस," ते म्हणाले. सकाळचा कागद माझ्या खिशातच होता आणि त्यात ग्रीससाठी वेगळा परिच्छेद होता. पण त्या दिवशी कागद पुन्हा बाहेर काढायचं धैर्य मला झालं नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी चालवली आणि खरं सांगतो, धन्य वाटलं. पूर्वी ब्रेक मारला की गाडी डावीकडं एखाद्या ओळखीच्याला भेटायला निघाल्यासारखी झुकायची. आता सुतासारखी सरळ. स्टिअरिंग जरा हलवलं की चाक लगेच ऐकायचं. मी बायकोला म्हटलं, "बघ, आता रस्ता कळतो."

"कळतो," ती म्हणाली. "मघाशी डावं चाक बिडीच्या थोटकावरून गेलं ना?"

रबर इतकी वर्षं काय काय गिळत होतं, ते तेव्हा कळायला लागलं. आयर्विन पूल 1929 सालचा. मी त्यावरून जन्मभर येतो-जातो. त्याला किती सांधे आहेत ते मला त्या आठवड्यात पाठ झालं. सांगलीहून मिरजेला नेलेल्या पावशेर भडंगातले शेंगदाणे सगळे तळाशी जाऊन बसले होते, चुरमुरे वर. मिश्रणातले घटक वेगळे करण्याची ही पद्धत आमच्या पाठ्यपुस्तकात नाही.

पण खडखड गेली होती, हे मी सगळ्यांना सांगत होतो. पंधरा दिवस सांगितलं. मग पाऊस आला, पिवळं ग्रीस धुऊन गेलं आणि एका सकाळी आमच्याच फाटकातून निघताना गाडी म्हणाली, "कुंईं."

खडखडीला निदान पुरुषी भारदस्तपणा होता. हा आवाज म्हणजे वाड्याचं दार रात्री चोरून उघडावं तसा. गतिरोधकावर चढताना कुंईं, उतरताना उंईं. वळणावर लांबलचक, हेलकावे घेत. नानांनी एकदाच मागून विचारलं, "वंगण?" मी आरशात पाहिलं नाही.

अशात नानांचे मिरजेचे मित्र भेटले. ते तंबोरे बनवतात. सांगलीत एका बाईंना नवा तंबोरा पोचवायचा होता आणि मी आपण होऊन गाडी देऊ केली. चाचा मागं बसले. तंबोऱ्याचा पंढरपूरकडून आणलेला तो भोपळा त्यांनी नातू घेतल्यासारखा मांडीवर घेतला. मी पहिल्या गतिरोधकावर गाडी इतकी हळू चढवली की मागच्या रिक्षावाल्यानं माझ्या सात पिढ्यांची चौकशी केली. कुंईं.

"थांबा," चाचा म्हणाले. "मागं घ्या जरा."

मला वाटलं भोपळ्याला तडा गेला. गाडी मागं घेतली.

"आता परत चढवा."

कुंईं.

चाचांनी डोळे मिटले होते. तंबोऱ्याची एक तार छेडली, कान गाडीच्या फरशीकडं नेला. "काळी चार. उजवीकडची जरा उतरलीय. सारखी करून घ्या." मग समजावणीच्या सुरात म्हणाले, "आम्ही घोडीवर तारेखाली दोरा सरकवतो, तेव्हा कुठं जवारी लागते, आवाज खुलतो. तुमची आपोआप लागलीय. नशीब लागतं."

मी हिशेब करत होतो. 1937 सालीच मिरजेचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ गेले. अख्ख्या मुलखातला सगळ्यांत गोड गळा ज्या वर्षी गेला, त्याच वर्षी जर्मनीत हे पॉलियुरेथेन जन्माला आलं. निसर्ग भरपाई करतो म्हणतात, पण काही ताळतंत्र असावं.

मेस्त्रींकडं गेलो. या वेळी चिकट सिलिकॉनचं ग्रीस मागवलं, सगळं पुन्हा उघडलं, भरलं, आवळलं. आवाज बंद झाला. "वरसाला एकदा भरायचं," मेस्त्री म्हणाले. घरी येऊन मी हे नानांना सांगितलं नाही. त्यांना ते कसं कळलं, देव जाणे. त्या संध्याकाळी ते फाटकाशी आलेल्या कुणालातरी सांगत होते की आमच्या वेळी बैलगाडीखाली वंगणाचं नळकांडं टांगलेलं असायचं.

गाडीत आता एकच आवाज उरला होता. मागं डिकीत काहीतरी गडगडायचं. उघडून पाहिलं, तर पिशवीत जुनी बुश. मेस्त्री काढलेला माल नेहमी परत देतात, हिशेबाला चोख माणूस. मी पिशवी कचऱ्यात टाकायला निघालो तर आईनं हिसकावून घेतली.

आमच्याकडं एक घरघंटी आहे. दळण सुरू केलं की ती थरथरत स्वयंपाकघरभर फिरते. सकाळी ओट्याखाली असते, ज्वारी दळून होईस्तोवर फ्रिजजवळ पोचते. आईनं त्या सहा तुकड्यांतले बरे चार निवडले, विळीवर सारखे केले आणि घरघंटीच्या चार पायांखाली सरकवले.

परवा दळण चालू होतं. मी स्वयंपाकघरात गेलो तर घरघंटी जागेवर. वर आईनं पाण्याचा पेला ठेवला होता, त्यात तरंगसुद्धा नाही. मी थोडा वेळ तिथंच उभा राहिलो आणि मग गच्चीवर जाऊन मेस्त्रींना फोन लावला. समजा, नुसतं समजा, पुन्हा रबर घालायचं म्हटलं, तर बसेल का?

पलीकडं जरा शांतता होती. मग मेस्त्री म्हणाले, "थांबा सर, कागुद वाचून सांगतो."